शंभरात तीन

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर आकाशबुवा डोळे मिटून बसले होते आणि लोक श्वास रोखून त्यांच्या ओठांकडे बघत होते. अंतराळातून येणारा एक दगड पृथ्वीवर आदळण्याची शक्यता किती, हे बुवांना म्हणे आकाशातून ऐकू येई. आधी त्यांनी शंभरात एक ऐकलं, मग दोन, काल तीन. संध्याकाळी बुवा सांगत आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तोच आकडा! यापुढे शंका काढायची कुणाची छाती होती?

उपायही बुवांकडेच होता. ज्याला जे सर्वांत प्रिय, ते त्यानं अर्पण करायचं. मागच्या खोलीत सायकली, घड्याळं, एक नवाकोरा फ्रीज असं बरंच जमलं होतं. जग बुडायच्या आधी बुवांचा संसार मात्र थाटात उभा राहिला होता.

आज एका शिवणकाम करणाऱ्या बाईची पाळी होती. तिचं मशीन दाराशी हातगाडीवर बांधून तयार होतं. नवरा गेल्यावर त्याच मशीनवर तिनं मुलीला वाढवलं, शिकवलं, विज्ञानाची शिक्षिका केलं. ती मुलगी शेजारी उभी राहून धुमसत होती. सकाळपासून तिनं परोपरीनं समजावलं होतं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

"आई, मशीन गेलं तर उद्या करशील काय?"

"उद्या उजाडलं तर ना! तू गप गं."

बुवांनी हात वर केला. "ऐकू येतंय... अजून तीनच! कुणीतरी लोभ धरून बसलंय. ते यंत्र आत येऊ द्या, आज रात्री आकडा शून्यावर आणतो!"

आता मात्र मुलीचा संयम सुटला. ती तरातरा पुढे गेली.

"बुवा, आकडा दुपारीच शून्यावर आलाय. वेधशाळा रोज दुपारी सगळ्या जगासाठी जाहीर करते. कुणीही मोबाईल उघडा आणि बघा."

पुढच्या रांगेतल्या न्हाव्यानं मोबाईल काढला. "अहो, खरंच की! कालचे तीन, आज दुपारपासून शून्य!"

बुवांचे डोळे खाडकन उघडले. "माझ्या तपानंच उतरला!"

"मग आत्ता तीन कसे ऐकू आले? आणि मशीन तर अजून दारातच आहे. लोकहो, बुवा रोज हाच आकडा बघून तुम्हाला सांगत होते. आज मशीन हवं होतं, म्हणून शून्य गिळलं."

"पण पोरी, आकडा वाढत का होता?" आईनं विचारलं.

मुलीनं मशीनवरचं जुनं कापड आणि खणातली कात्री आणली, कापड जमिनीवर पसरलं आणि त्यावर एक बटण ठेवलं. "दगड जिथून जाऊ शकतो ती सगळी जागा म्हणजे हे कापड. बटण म्हणजे पृथ्वी. नवं निरीक्षण आलं की जिथून तो जाणार नाही ती जागा गळते. काप."

आईनं कात्री चालवली. कापड आखूड झालं. बटण तेवढंच, पण उरलेल्या कापडातला त्याचा वाटा वाढला.

"वाढला ना आकडा? यात कुणाचं पाप आहे? आता हे आजचं निरीक्षण: बटणाच्या अलीकडून काप."

कात्री फिरली आणि बटणाखालचा तुकडा सुटला. आई उरलेल्या कापडाकडे बघतच राहिली. त्यावर बटण नव्हतं.

"म्हणजे सुटलो आपण," ती म्हणाली. मग व्यासपीठाकडे वळून तिनं आवाज चढवला, "आणि हा मेला माझं पोट कापायला निघाला होता!"

लोक मागच्या खोलीकडे धावले. आपापली सायकल ओळखायला कुणाला दिव्यदृष्टी लागली नाही.

"ऐका," शिक्षिका ओरडून म्हणाली, "कधीतरी एखादा मोठा दगड खरंच येईल. तेव्हा तो बघणारी, मोजणारी, वळवणारी माणसं लागतील. डोळे मिटून बसलेल्याचं ऐकू नका. विचारा, तपासा, मग माना!"

आई केव्हाच दारात पोचली होती. "गाडी वळव रे," ती हातगाडीवाल्याला म्हणाली. "उद्या द्यायचे कपडे पडलेत."