हौसाआत्याच्या भाषणाचा मुद्दा

माझ्या हौसाआत्याची वाक्यं हवेत विरत नाहीत. बोलून झालं की ती भरल्या पोत्यासारखी खाली पडतात आणि त्यांची थप्पी लागते. गावाला त्याचं नवल नाही. सभेनंतर उचलायला चार माणसं जास्त लागतात, एवढंच.

आमच्याकडे सरपंच बिनविरोध होतो. उतरणारा सरपंच देवळात बोलतो आणि त्याच्या बोलण्याचा जो मुद्दा निघेल, तसं गाव वागतं; नवा सरपंचही त्यातूनच ठरतो. मुद्दा सापडेपर्यंत कुणी उठायचं नाही. यंदा उतरणारी सरपंच आत्या होती. ती पुढारी कसा असावा यावर बोलत होती, आणि एकदा सुरू झाली की तिला आवरणं देवाच्या बापालाही जमत नाही. वाक्यांच्या थप्पीनं देवळाचं दार केव्हाच बुजलं होतं. मुद्दा ‘हौसाबाईच राहू द्या’ असा निघावा, असं मला मनापासून वाटत होतं. उद्या मला पुण्याला नोकरीवर हजर व्हायचं होतं.

“पुढारी म्हंजे गावाचं पायताण,” या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या. गावातल्या जुन्या म्हादबातात्यांनी झडप घालून तेच धरलं. “ह्योच मुद्दा!”

“तात्या, ओढून बघा की,” मी म्हणाले.

त्यांनी ओढलं. त्याच्यावरची थप्पी त्यांच्या डोक्यावर कोसळली. म्हणजे तो नुसता टेकू होता. खरा मुद्दा ओढून काढला तर दुसरं काही पडत नाही, हीच त्याची खूण.

“वरती बघ गं तनुजा,” तात्या कपाळ चोळत म्हणाले.

मी उरलेल्या थप्पीवर चढले. ‘वस्तीवर पाणी पोचलं’ यावर पाय दिला, ‘खुर्चीला चिकटू नये’ याला धरलं. आत्या बोलतच होती आणि नवी वाक्यं माझ्या पायांखाली सरकत होती. डोकं छताला लागलं. मान वाकवून बसावं लागलं.

“आत्या, दम घे की जरा!”

“तू शोध. माझं तोंड दुखत न्हाई.”

हसू आलं मला. या बाईवर माझा फार जीव आहे.

“वर काहीच नाही, आत्या.”

“नीट बघ, बाळा.”

मी नीट पाहिलं. “वर फक्त मी आहे.”

आत्या पहिल्यांदाच गप्प झाली. पदरानं डोळे टिपत माझ्याकडे बघत राहिली. तात्या धापा टाकत वर आले. त्यांनी माझा पाय धरला आणि जोर लावून ओढलं.

खालचं एकही वाक्य हललं नाही.