जिन्सीचं सव्वा वर्ष

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. एका बापाची गोष्ट सांगते.

मी एक जुनी नोंदवही आहे, केरळात कुट्टनाडच्या शाळेतली. पोर शाळेत आलं की त्याचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख माझ्यात उतरायची. हेडमास्तर चांडी सार मला तांबड्या फडक्यात बांधून ठेवत. म्हणत, "हिच्यात लिहिलं ते देवाच्या दारी लिहिलं." केवढा अभिमान वाटायचा मला!

एकदा जूनमध्ये नावाडी औसेप आपल्या जिन्सीला कडेवर घेऊन आला. बायको नुकतीच देवाघरी गेलेली.

"पाच पूर्ण झाली का रे?" सारांनी विचारलं.

"झाली की, सार."

"मोळे, पोरी, डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धर बघू."

हात वरच अडला. औसेपनं हळूच लेकीची मान कलती केली. बोट टेकलं.

"औसेपा, हात पोचला की पोचवलास?"

"सार, मी दिवसभर होडीवर. घराला तीन बाजूंनी पाणी. एकटी टाकली तर ही संध्याकाळी दिसेल का मला?"

सारांनी दौत पुढे ओढली. मग त्यांनी माझ्यात खऱ्या जन्मतारखेच्या सव्वा वर्ष आधीची तारीख लिहिली. मलाही वाटलं, पुण्यच झालं.

पुढे दाखल्यानं, पासपोर्टानं माझीच तारीख उचलली. जिन्सी नर्स झाली. ऑस्ट्रेलियाला जायचं तिनं मनात धरलं. तिथे माणसं गुणांवर निवडतात. वयाचे गुण, शिक्षणाचे, अनुभवाचे, इंग्रजीचे. निदान पासष्ट लागतात. इंग्रजीच्या परीक्षेत दोनदा हुकलेली जिन्सी तिसऱ्यांदा पास झाली; पण माझ्या तारखेनं अकराच दिवसांपूर्वी तिला तेहतीस पूर्ण झाली होती. वयाचे पाच गुण गळाले. उरले साठ.

बापलेक शाळेत आले. मी तेव्हा मोडक्या बाकांखाली, वाळवीच्या संगतीत. नव्या टीचरनी धूळ झटकून मला उघडलं.

"तारीख बदलेल, पण पासपोर्टापर्यंत सगळं बदलायला दोन वर्षं जातील. तोवर खऱ्या वयानंही तू तेहतीस ओलांडशील गं."

औसेप लेकीकडे वळला. "मोळे, मीच तुला म्हातारी केली."

"त्यापेक्षा नापास झाले असते तर बरं होतं, अप्पा. निदान दोष माझा असता." ती उठली. "चला, बोट चुकेल."

ती पुढे निघाली. म्हातारा माझ्या पानावर हात ठेवून तसाच उभा. त्याला सांगावंसं वाटलं, त्या दिवशी तुझ्या जागी कुणीही हेच केलं असतं. पण कागदाला वाचा कुठली?

जिन्सी कोट्टयमच्याच दवाखान्यात राहिली. पुढच्या पावसाळ्यात औसेप गेला.

मित्रांनो, लेकराची तारीख खरीच लिहा. मायेनं लिहिलेलं खोटंही लेकरालाच निस्तरावं लागतं. आणि देवापुढे हात जोडाल तेव्हा औसेपचं नाव घ्या. जिन्सी अजून घेत नाही. तेवढं तुम्ही घ्या.