पोस्टमास्तरांचा नकार

“छे छे, मी कोण करणारा?” पोस्टमास्तरांनी मान खाली घातली. “करवून घेणारा वर बसलाय.”

उपासना नुकतीच सुटली होती आणि चर्चच्या पायऱ्यांवर बायकांनी त्यांना गराडा घातला होता. विषय मास्तरीणबाईंचा. निम्म्या मंडळीला त्यांनी बाराखडी शिकवलेली. आता झटका येऊन वाचा गेली, अंग लुळे पडले, घरात दुसरे माणूस नाही. तरी कधीही जा, बाईंचे केस विंचरलेले, चादर ताणलेली, पाठीवर एक फोड नाही. हे करते कोण? दर रविवारी प्रभुभोजनाची भाकर घेऊन पोस्टमास्तर त्या दारात शिरतात, हे सगळ्यांनी पाहिले होते. तेवढ्यावरून निकाल लागला होता.

मी मंडळीचा चिटणीस. नम्र माणूस दिसला की माझा हात आपोआप खिसा सांभाळायला जातो. अहंकार निदान समोरून चालत येतो, त्याला ओळखायला कष्ट नाहीत. पोस्टमास्तरांचे ‘मी कोण’ मी नीट कान देऊन ऐकले. ज्याने खरोखर काही केलेले नसते, तो ‘मी नाही बुवा’ म्हणून घरी जातो. पोस्टमास्तर मात्र म्हणून झाल्यावर थोडा वेळ तिथेच उभे राहत.

म्हणून आठवड्याच्या मधल्याच एका वारी सकाळी मास्तरीणबाईंकडे गेलो. दार नुसते लोटलेले. आत शेजारची इस्त्रीवाली, बाह्या वर सारून, हातात ओले फडके. ही बाई चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसते आणि पहिल्या बाकाच्या वर सूर लावते.

“कोण करतं हे सगळं?” मी विचारले.

“मी. दुसरं कोणी दिसतंय का इथे?”

“रोज?”

“मग? त्यांना काय फक्त रविवारी होतं? उभे आहात तर चादरीचं ते टोक धरा.”

मी दोन बोटांनी धरले.

“पण तुम्ही कशासाठी?”

“भिंतीला भिंत आहे. त्या कण्हल्या की मला ऐकू येतं. ऐकू आल्यावर इस्त्री फिरवत बसू?” तिने बाईंचा गुडघा दुमडला, एक हात कमरेखाली सरकवला आणि बाई अलगद कुशीवर वळल्या. “बघितलंत? हे माझ्याइतकं चांगलं कोणाला जमत नाही. नर्स आली होती, तिनं खांदा दुखवून ठेवला.”

इतके उघड बोलणे मला झेपले नाही. चर्चच्या पंचकमिटीत मी पाहिले तेवढेच सांगितले. पुढचे खजिनदारांनी स्वतःच जुळवले.

“स्वतःच्या तोंडानं सांगते ‘मी करते’? म्हणजे घरावर डोळा आहे. म्हातारीचा अंगठा घेईल एक दिवस.”

ठरले. दाराला नवे कुलूप, किल्ली पोस्टमास्तरांकडे, इस्त्रीवालीला मज्जाव. मी पोस्टमास्तरांकडे पाहत होतो. त्यांनी तोंड उघडले. एक वाक्य बोलले असते तर सगळे तिथेच मिटले असते.

“माझी तेवढी योग्यता नाही,” ते म्हणाले.

पाळकसाहेबांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. ठराव एकमताने मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेलो. पोस्टमास्तर खोलीच्या मधोमध उभे, कोट अंगात तसाच. चादर खराब झालेली. मास्तरीणबाई त्यांच्याकडे टक लावून पाहत होत्या. त्यांनी बाईंचा खांदा धरून ओढला, तशी बाईंच्या घशातून घोगरी किंकाळी निघाली.

लगेच पलीकडून भिंतीवर धपाधप थापा. “अहो, उजव्या खांद्याला हात लावू नका! आधी गुडघा दुमडा, गुडघा!”

त्यांनी गुडघा दुमडला. तो सुटून परत सरळ झाला. पुन्हा दुमडला. मग हातातले फडके कुठे ठेवावे हे न सुचून ते घेऊनच शेजारच्या दारात गेले.

“ताई, मला जमत नाही.”

“मग मंडळीला सांगा की तसं.” तिने मान वर केली नाही.

“सांगतो.”

“मला चोर ठरवलंत.”

“मी तसं म्हणालो नाही.”

“तसं नाही असंही म्हणाला नाहीत.”

तिने इस्त्री उभी करून ठेवली. “व्हा बाजूला. त्या बिचारीला थंडी वाजत असेल.”

रविवारी साक्ष द्यायच्या वेळी पोस्टमास्तर उभे राहिले. “मास्तरीणबाईंचं मी काहीही केलेलं नाही. एक दिवससुद्धा नाही. सगळं या ताईंनी केलं. तुम्ही कौतुक केलंत, ते मी गिळत बसलो. त्यांच्यावर आळ आला तेव्हाही गप्प बसलो. ते कुलूप काढा.”

पुढच्या बाकावरच्या आजींनी डोळ्यांना पदर लावला. “काय हा माणूस! स्वतःचं पुण्य दुसऱ्याच्या पदरात टाकतोय.”

“आजी, अहो खरंच!” पोस्टमास्तर ओरडले. “मी खोटा माणूस आहे!”

आता आणखी काही पदर वर गेले. पाळकसाहेब म्हणाले, “मंडळी, नम्रता शिकायची तर ती अशी.”

“ते खरं सांगतायत,” मी म्हणालो. मंडळीने माझ्याकडे नेहमीच्या नजरेने पाहिले. चिटणीसाला कोणाचे भले बघवत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

“खरंच मीच करते!” शेवटच्या बाकावरून खणखणीत आवाज आला.

“बघा,” खजिनदार हळूच म्हणाले. “एवढ्या भोळ्या माणसाला ही विकून खाईल. किल्ली तुमच्याकडेच राहू द्या हो.”

पोस्टमास्तर उभेच. इस्त्रीवालीने त्या सगळ्या डोक्यांवरून त्यांना सांगितले, “उद्या जरा लवकर उघडा. पोट बिघडलंय त्यांचं.”

तेव्हापासून रोज सकाळी ते कुलूप काढतात आणि बाजूला होतात. ती आत जाते. आतून चादर बाहेर येते, ती घेऊन ते रस्त्याकडेच्या नळावर बसतात. कोट आता घालत नाहीत. सुरुवातीला मी पाळत ठेवली होती, रस्ता रिकामा असताना पोस्टमास्तर धुवायचे थांबतात का ते बघायला. थांबत नाहीत.

कामावर जाणारी मंडळी त्यांना पाहून पावले मंद करतात. कोणी लेकराला जवळ ओढून दाखवते. परवा तर पाळकसाहेबच समोर उभे राहिले, “धन्य आहात” म्हणाले, उत्तराची वाट बघत थांबले. पोस्टमास्तरांनी वर पाहिले. कोपरापर्यंत साबण, चादरीवरचा डाग अजून तसाच.

“पिळताय की कुरवाळताय?” आतून आवाज आला. “दुसरी बदलायचीय!”

त्यांनी मान खाली घातली आणि तो डाग पुन्हा नळाखाली धरला.