महिला सभेची सतरंजी

मित्रांनो, मी सतरंजी आहे. जुनी आहे हे वेगळं सांगत नाही, तुम्ही आधीच नाक मुरडलंत. माझ्या अंगावर निळे पट्टे आहेत, लाल पट्टे आहेत आणि मधोमध चहाचा एक पट्टा आहे. तो विणकराचा नाही. माझा जन्म अमरावतीला, तुरुंगातल्या मागावर झाला. त्यामुळे कायद्याशी माझी ओळख पुष्कळ पुढाऱ्यांपेक्षा जुनी आहे. तिथून मी तिवशाजवळच्या एका लहान गावी, ग्रामपंचायतीत आले आणि कामाला लागले.

लोकांनी बसायचं आणि मी बसू द्यायचं, हे माझं काम. भजनाला मी, लसीकरणाला मी, लग्नाच्या पंगतीला मी. "काय ऐसपैस सतरंजी हाये!" असं पाहुणे म्हणत आणि मी आणखी पसरत असे. फक्त एका कार्यक्रमाला मला अकरा वर्षांत कुणी नेलं नाही. तो म्हणजे महिला ग्रामसभा.

गावाच्या ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यायची, असा नियम आहे. आमच्याकडे ती अगदी वेळेवर व्हायची. ग्रामसेवक भगवंतराव शिपायाजवळ रजिस्टर देऊन त्याला घरोघरी पाठवत. चुलीपुढं सही, गोठ्यात सही, न्हाणीच्या दारातून ओला हात बाहेर काढून सही. संध्याकाळपर्यंत सभा 'खेळीमेळीच्या वातावरणात' पार पडलेली असे. ती झाल्याचं बायकांना कळत नसे आणि मी कपाटावर घडीत पडून असे.

गेल्या साली गडबड झाली. गावात वांगी पिकवणाऱ्या माणिकबाईंची मुलगी प्रतीक्षा अमरावतीला वकिली शिकते. तिनं बायकांना सांगितलं, की जगातल्या देशांनी मिळून बायकांच्या हक्कांचा एक करार केला आहे. आपल्या सरकारनं १९८० साली त्यावर सही केली, १९९३ साली तो पक्काही केला. पण सोबत एक निवेदन जोडलं: कुठल्याही समाजाच्या खाजगी व्यवहारात, त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय, आम्ही पडणार नाही. ते निवेदन मागं घ्या आणि करार पुरता पाळा, असा ठराव गावानं सरकारला पाठवावा, असं बायकांचं ठरलं.

भगवंतरावांनी ठराव छान अक्षरात लिहिला आणि शेवटी आपले तीन शब्द जोडले: 'घरगुती बाबी वगळून'. रजिस्टर फिरलं. माणिकबाई तेव्हा तिवशाच्या बाजारात वांगी विकत होत्या. त्यांची सही त्यांचे यजमान केशवराव यांनी केली. अगदी वळणदार, बाईंच्या स्वतःच्या सहीपेक्षा सुबक.

रिकामी टोपली घेऊन माणिकबाई थेट पंचायतीत आल्या. केशवराव तिथंच चहा पीत होते.

"माही सही तुमी कावून केली?"

"तू बाजारात होती. खोळंबा नोको म्हून..."

"आन् भगवंतभाऊ, हे 'घरगुती बाबी वगळून' काय व्हय?"

"तसं लिवा लागते, ताई. घरातलं घरात."

"सारं घरातच तं होते ना भाऊ! मार घरात, लग्न घरात. तीस वर्सं झाले, वांगे मी लावतो आन् वावर या घरधन्याच्या नावावर, ते बी घरातलंच. घर वगळलं तं मले हक्क काय एस्टी स्टँडवर पाह्यजे?"

भगवंतरावांनी उगाच चष्मा पुसला.

"ते रजिस्टर ठेवा आन् सतरंजी काढा," माणिकबाई म्हणाल्या. "सभा बसल्याबिगर ठराव नाई."

मला खाली ओढलं तेव्हा माझ्या घडीतून उंदरांचं एक सुखी कुटुंब बेघर झालं. बायका आल्या. आधी कडेकडेनं बसल्या, अर्ध्या जमिनीवर, कुणी हाक मारली तर उठायच्या तयारीत. तासाभरानं मध्यावर सरकल्या आणि त्यांनी पाय पसरले. तीन शब्द खोडायचे, असं त्यांनी ठरवलं.

पण गावाची ग्रामसभा बाकी होती. दोन दिवसांनी तीही माझ्यावरच भरली. भगवंतरावांनी ठराव वाचला आणि कुणाची हरकत आहे का, विचारलं. सगळ्यांच्या माना केशवरावांकडं वळल्या, कारण गावात त्यांचा शब्द चालतो. केशवरावांना विचार करताना दोरे उपटायची सवय आहे. त्या विचारात माझे चार दोरे गेले. माणिकबाई हलल्या नाहीत.

"केशवराव," मागच्या रांगेतल्या बुधाजींनी टोमणा मारला, "ठराव झाला तं वावर गेलंच समजा तुमचं!"

"वावर जाईन कुठी?" केशवराव म्हणाले. "तिच्या घरी जाईन. मी बी तिथंच राह्यतो. खोडा ते शब्द, भगवंतराव."

सभा हसली. माणिकबाई बसल्या जागी इतक्या सैल झाल्या, की त्यांचं वजन मला दुप्पट वाटलं. सुटका झालेल्या माणसाचं वजन मी ओळखते. मग बाईंनी रजिस्टर पुढं ओढलं आणि आपली सही आपल्या हातानं केली. वाकडी आली. मला फार आवडली.

ठराव वर गेला आहे. दिल्लीत तो कुणी उघडेल का, मला ठाऊक नाही. वावराच्या सातबाऱ्यावर माणिकबाईंचंही नाव चढवायचा अर्ज दिला गेला, एवढं ऐकलं. मला मात्र बायकांनी विहिरीवर नेऊन धुतलं, आणि चहाचा पट्टा सोडून सगळं निघालं.

मित्रांनो, सतरंजी घडीत ठेवून टिकत नाही, वापरून टिकते. उद्या तुमच्यातलं कुणी मोठ्या करारावर सही करायला बसलं, तर एवढं करा. अंथराल तेव्हा पुरती अंथरा. एक कोपरा दुमडून ठेवू नका. नेमकं तिथंच कुणाला तरी बसायचं असतं.