काळ्या पिशवीतला हात

सर्वण गावच्या देवळाच्या मंडपात गावच्या मंडळाने गौरवीचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. आज तिची परीक्षा होती आणि परीक्षक एकच: मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसलेले तिचे बाबा, सगुण. त्यांनी खाणीवरचा ट्रक चालवण्यात आयुष्य घालवलं. लेक डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात दूरच्या दीर्घिका शोधते, हे त्यांना ठाऊक होतं. पण जे दिसतच नाही त्यासाठी तीन वर्षं चिलीच्या वेधशाळेत जाऊन राहायचं, हे काही केल्या पटत नव्हतं. सोमवारी विमान होतं आणि ते ‘जा’ म्हणत नव्हते. त्याशिवाय गौरवीचा पाय घरातून निघणार नव्हता.

तरी गौरवी नुसती फुरफुरत होती. उष्णता टिपणारा कॅमेरा तिने पडद्याला जोडला होता. तो एकदा सुरू झाला की बाबांची खात्री पटणार, यात तिला तिळमात्र शंका नव्हती.

मंडळाचे अध्यक्ष सुदेश यांनी रिवाजाप्रमाणे पाहुणी म्हणून गौरवीच्याच हातून समई पेटवून घेतली. कॅमेरा सुरू झाला आणि पडद्यावर दिसला फक्त ज्योतींचा पांढरा गोळा, बाकी सगळा काळोख. सर्वांत तापलेलं काही समोर आलं की तो कॅमेरा इतरांना विचारतच नाही. आणि या शहाणीने आपल्याच हाताने त्याच्यापुढे पाच वाती लावल्या होत्या. कॅमेरा हलवावा तर वायर तोकडी, आणि पेटलेली समई विझवायची किंवा हलवायची कुणाची छाती होईना. पोरं खिदळू लागली. गौरवीला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

लेकीचं हसं झालेलं सगुणना सोसवेना. ते उठले, तरातरा येऊन समईच्या पुढ्यात उभे राहिले.

“आता बघ, दिसता काय.”

ज्योती झाकल्या आणि पडदा उजळला. बाबांचा चेहरा, मान, दंड, सगळं केशरी. मंडपात एकच गलका झाला. गौरवीने बाबांचा हात कचऱ्याच्या काळ्या पिशवीत घातला. डोळ्यांना नुसती पिशवी, पडद्यावर पाचही बोटं लख्ख.

“बाबा, आकाशात पण धूळ असता. तिच्या मागचे तारे आमी असेच बघतंव.”

सगुण बोटं हलवून बघत राहिले. खाणीच्या धुळीत पुढचा ट्रक दिसेना म्हणून जीव मुठीत धरून त्यांनी कितीदा गाडी हाकली होती.

“धुळीमागचा सगळा दिसता?”

“सगळा नाय. पण मोठ्या दुर्बिणीतसून खूप दिसता.”

“मगे हंय कित्याक रवलंस?” इथे थांबल्याबद्दल सगुणनी उलट तिलाच दटावलं. “सोमवारी मोपाच्या विमानतळार मीच सोडतलंय तुका.”