डी ड्राइव्हमधला हरण्या

"भाग्यश्रीताई आहेत का हो?"

फोन रंगनाथ गावंडे यांनी उचलला होता. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या त्या सोसायटीत कोणाचाही कॉम्प्युटर अडला की याच नंबरावर घंटी वाजायची, पण आजवर ती 'गावंडेसाहेब आहेत का' म्हणून वाजायची.

"आहेत. मीही आहे," रंगनाथ म्हणाले. "काय झालंय?"

"नाही, ते लिनक्सचं होतं काका. ताईंनाच विचारते."

ही सी विंगमधली ऋतुजा. हिच्या बापाचा पहिला कॉम्प्युटर रंगनाथांनी बुधवार पेठेतून पारखून आणून दिला होता. तिच्यासाठी ते आता नुसते काका झाले होते. त्यांनी फोन स्वयंपाकघरात नेऊन दिला. त्यांच्या बायकोच्या, भाग्यश्रीच्या, हातांना कणीक लागली होती. तिने मान वाकडी करून फोन खांद्यात धरला.

"प्रिंटर दिसत नाही? वायर काढून परत लाव. लागली? बघ, आला का? आला ना!" ती हसली आणि पुन्हा कणकेकडे वळली. एवढ्यात झालंसुद्धा! रंगनाथ गेले असते तर किमान चहा होईपर्यंत तरी काम चाललं असतं.

हडपसरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात त्यांची नोकरी झाली. वर्ध्याहून ट्रंक घेऊन आलेला पोरगा तिथे 'साहेब' झाला, आणि निवृत्तीनंतर सोसायटीने ती साहेबी चालू ठेवली. फी म्हणून त्यांनी कधी एक रुपया घेतला नाही. त्यांना हवं असायचं ते निराळंच. आपण खुर्चीवर बसावं, घरातल्यांनी मागे उभं राहावं, आणि निघताना कोणीतरी म्हणावं, "साहेब, तुम्ही नसता तर काही खरं नव्हतं." त्यावर त्यांनी "छे, छे" म्हणायचं आणि घरी येईपर्यंत ते वाक्य तोंडात घोळवायचं.

मग विंडोजवाल्या कंपनीने जुन्या विंडोजकडे बघणं सोडून दिलं. नवी विंडोज जुन्या डब्यांवर चालेना. रंगनाथांनी घरोघर निकाल दिला, "नवीन घ्या." लोकांना तो रुचला नाही. तेवढ्यात भाग्यश्रीने शनिवार पेठेतल्या एका वाचनालयात शिबिर असल्याचं वाचलं. जुना कॉम्प्युटर आणा, विंडोजच्या जागी लिनक्स बसवायला शिका, फुकट.

"फुकट ते फुकटच असतं," रंगनाथ म्हणाले आणि पेपर उलटला.

भाग्यश्रीने घरचा डबा जुन्या चादरीत बांधला, मांडीवर घेऊन रिक्षात बसली आणि संध्याकाळी परतली ती लिनक्स घेऊनच. मशीन पहिल्यापेक्षा झपाट्याने चालत होतं. रंगनाथांनी दोन दिवस त्यात खोट शोधली. ती सापडली नाही, हीच त्यांच्या मते सगळ्यांत मोठी खोट होती.

पुढे ती दर रविवारी शिबिराला जाऊ लागली. मग सोसायटीत एकेकाचं मशीन करून देऊ लागली. 'आमच्या हिला नाद लागलाय' असं रंगनाथ आधी कौतुकाने सांगत. पुढे कौतुक गळालं आणि नुसता नाद उरला. ती स्वतःची टिमकी वाजवत नव्हती की मिरवत नव्हती. जेवताना आपण काय केलं ते सांगायची, डोळे चमकायचे तिचे, आणि ते चमकणारे डोळे बघून रंगनाथांच्या घशाखाली घास उतरत नसे. हेवा माणसाला शेजाऱ्याचा वाटतो, भावाचा वाटतो, ऑफिसातल्या पुढे गेलेल्याचा वाटतो. आपल्याच ताटात वाढणाऱ्या बाईचा वाटू लागला तर तो सांगणार कोणाला?

त्यातच लिनक्स बसवून द्यायला आप्पासाहेबांचं बोलावणं आलं.

सोसायटी ज्या उसाच्या रानावर उभी होती ते रान आप्पासाहेबांचं. बदल्यात मिळालेल्या फ्लॅटात ते आणि सोजरबाई राहत. हॉलमध्ये मुलाने टाकून दिलेला कॉम्प्युटर होता आणि आप्पासाहेब त्यावर फक्त बैलगाड्यांच्या शर्यती बघत. त्यातही एक शर्यत रोजची. त्यांचा स्वतःचा बैल हरण्या, त्याची घाटातली, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवरची, शेवटची बारी. पुढे शर्यतींवर बंदी आली, बंदी उठेपर्यंत हरण्या थांबला नाही. पुतण्याने त्या बारीच्या दिवशी काढलेलं शूटिंग तेवढं राहिलं. रंगनाथांनीच ते मशीनमध्ये भरून दिलं होतं आणि पडद्यावर हरण्याच्या तोंडाचं छोटं चित्र ठेवलं होतं. त्यावर टिचकी मारली की घाट सुरू.

"साहेब, तुमी बी या," आप्पासाहेब दारात म्हणाले. "ताई करत्याल. तुमी बसा निवांत."

निवांत! रंगनाथ सोफ्यावर टेकले आणि लगेच उठून खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. खुर्चीवर भाग्यश्री होती.

"तेवढा माझा हरण्या आदी काढून घ्या ताई," आप्पासाहेब म्हणाले. "बाकी काय बी जाऊ द्या."

"घेते आप्पा." तिने पडद्यावरचं सगळं उचलून पेनड्राइव्हमध्ये टाकलं. फोटो टाकले, सोजरबाईंच्या आरत्या टाकल्या. डी ड्राइव्ह उघडून पाहिला, तो रिकामा. पेनड्राइव्ह उघडून तिने बोट ठेवलं. "हा बघा, आला हरण्या."

हरण्याचं तोंड पेनड्राइव्हमध्ये दिसत होतं. आप्पासाहेबांनी समाधानाने मान हलवली.

रंगनाथांना मात्र त्या चित्राच्या कोपऱ्यातला शॉर्टकटचा बारीक बाण दिसला. त्यांनीच घातलेला घोळ तो. पडद्यावरचं चित्र म्हणजे घराबाहेरची पाटी. घर निराळीकडे. पोरंसोरं काहीबाही पुसून टाकतात म्हणून लोकांच्या जिवाभावाच्या वस्तू ते डी ड्राइव्हमध्ये लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवत. उघडून पाहिलं तर ड्राइव्ह रिकामाच दिसे. ही त्यांची जुनी रीत, आणि ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. भाग्यश्रीने पाटी उचलली होती. घर तिथेच होतं.

पडद्यावर लिनक्सने विचारलं, डिस्क पूर्ण पुसून बसवायचं का?

भाग्यश्रीने मागे वळून पाहिलं. "अहो, घेतलं ना सगळं? एकदा बघता का?"

एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य ओठांवर आलंही. पण सोजरबाई कौतुकाने तिच्याकडे बघत होत्या, आप्पासाहेब 'ताई, ताई' करत होते, आणि रंगनाथांच्या मनात घरच्या कपाटातली सीडी चमकून गेली. हरण्याची एक प्रत त्यांनी त्याच वेळी सीडीवर काढून ठेवली होती. पुसू दे. शोधू दे. घाबरू दे जरा. मग आपण शांतपणे म्हणू, थांबा, माझ्याकडे आहे. सगळ्यांना कळू दे की शेवटी कोण लागतं.

"मला काय विचारतेस?" ते म्हणाले. "आता तूच मास्तरीण."

तिचा चेहरा क्षणभर उतरला. मग तिने वळून बटण दाबलं.

चहा झाला, त्यावर पोहे झाले. लिनक्स बसलं. पडद्यावर सगळं मराठीत आलं तेव्हा सोजरबाई जवळ सरकून एकेक शब्द मोठ्याने वाचू लागल्या. आप्पासाहेबांनी खुर्ची ओढली आणि स्वतः पेनड्राइव्हमधल्या 'हरण्या'वर टिचकी मारली. काही झालं नाही. पुन्हा मारली.

"ताई, हे उघडंना."

भाग्यश्रीने पाहिलं. त्या फाइलचा आकार पाहिला आणि तिला कळलं. तिचा हात माउसवरून खाली आला.

"आप्पा," ती म्हणाली, "यात फिल्म नाहीये."

"म्हंजी? मगाशी तर व्हता."

रंगनाथ याच घटकेची वाट बघत होते. तरी ती आल्यावर त्यांना वाटला होता तेवढा आनंद झाला नाही. थोडा मात्र झाला, खोटं कशाला बोला.

"घाबरू नका," ते घसा साफ करून म्हणाले. "माझ्याकडे प्रत आहे. मी जपून ठेवतो सगळ्यांचं."

"असं म्हना की वो!" आप्पासाहेबांनी त्यांचा हात धरला. "साहेब हाय म्हनून बरं हाय बाबा."

ते वाक्य कितीतरी दिवसांनी कानांवर पडत होतं. रंगनाथ मुद्दाम सावकाश चालत घरी गेले. सीडी जागेवर होती, वर त्यांच्याच अक्षरात 'आप्पासाहेब, बैल' लिहिलेलं. त्यांनी ती पाकिटातून काढली आणि उजेडात धरली. मागचा चंदेरी पापुद्रा जागोजाग सुटला होता. भोकांतून खिडकीचे गज दिसत होते.

तरी त्यांनी ती आपल्या मशीनमध्ये घातली. ती घरघरली आणि गप्प झाली. रुमालाने पुसली. कोलगेट लावून चोळली, तेव्हा आणखी एक पापुद्रा बोटाला चिकटून आला. सीडी अमर असते असं त्यांनीच सगळ्यांना सांगितलं होतं.

ते परतले तेव्हा आप्पासाहेब दारातच उभे होते. त्यांनी रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"खराब झालीय," रंगनाथ म्हणाले.

मग भाग्यश्री खुर्चीवरून उठली आणि तिने आप्पासाहेबांसमोर हात जोडले. "चूक माझी आहे आप्पा. मी नीट बघायला हवं होतं."

आप्पासाहेब तिच्याकडे बघतच नव्हते. "साहेब, हरण्या तुमीच ठिवला व्हता आत," ते म्हणाले. "अन् तुमी तर हितंच हुबं व्हता की."

त्यात आरोप नव्हता. माणूस समजून घेऊ पाहत होता. रागावून बोलले असते तर रंगनाथांनी काहीतरी ठोकून दिलं असतं.

"मला दिसलं होतं," ते म्हणाले. "बटण दाबायच्या आधीच. तिचं काही चुकलं नाही."

सोजरबाईंनी कपबश्या गोळा केल्या आणि आत नेल्या. आप्पासाहेब सोफ्यावर बसले. मग म्हणाले, "असू द्या. बैल गेला तवाच गेला." पण हे त्यांनी पाहुण्यांसाठी म्हटलं होतं, हे उघड होतं.

जिन्यात भाग्यश्री पुढे होती. मधल्या मजल्यावर ती थांबली, वळली नाही.

"खुर्चीच हवी होती ना तुम्हाला?" ती म्हणाली. "तोंडाने म्हणाला असतात तर मी उठले असते. माझं काय जात होतं?"

"काऊन उठली असतीस बाप्पा?" रंगनाथांच्या तोंडून वर्धा बाहेर पडलं. पुण्यात घालवलेली सगळी वर्षं एका दमात गळून पडली. "तू माझ्याहून चांगलं करतेस, म्हणून तर..."

ती वर निघून गेली. त्यानंतर ती कामापुरतं बोलू लागली, आणि घरात काम तरी किती असतं?

पण तिने हरण्याचा नाद सोडला नाही. शिबिरातल्या केयूरला विचारून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा आप्पासाहेबांकडे गेली. डिस्क पुसली तरी खालचं सगळं लगेच जात नाही. नवं ज्यावर बसलं ते गेलं, बाकीचं चिंध्या होऊन पडून राहतं. त्या चिंध्या वेचायची सोय लिनक्समध्ये होती. फक्त कशालाच नाव उरत नाही. प्रत्येक तुकडा उघडून डोळ्यांनी बघावा लागतो.

"ते मी बघतो," रंगनाथ म्हणाले.

"बघा," ती म्हणाली.

भाग्यश्री बाहेर काढलेले तुकडे घरी आणून देई आणि ते घरच्या मशीनसमोर बसून एकेक उघडत. फाटके फोटो. अर्धी आरती. अर्धवट लग्न. फोन आले की ते भाग्यश्रीला नेऊन देत आणि परत येऊन बसत. कोणी काय विचारलं ते आता ते ऐकत नसत. जळफळाट गेला होता असं नाही. शेजारच्या खोलीत ती कोणाला काही समजावू लागली की छातीत अजून ठणकायचं. पण बोट थांबायचं नाही.

पुष्कळ दिवसांनी एक तुकडा उघडला आणि हॉलमध्ये घाटाचा आवाज घुमला. भाग्यश्री पोळी तव्यावर टाकून धावत आली. दोघांनी तो तसाच उभ्याने पाहिला. मग तिने गॅस बंद केला, पेनड्राइव्ह उचलला आणि त्यांच्यासाठी दार उघडं धरून थांबली.

आप्पासाहेबांच्या हॉलमध्ये खुर्ची रिकामी होती. भाग्यश्री बसली नाही. तिने माउस रंगनाथांच्या बाजूला सरकवला, आणि त्यांनी उभ्यानेच तो तुकडा लावला.

पडद्यावर धूळ होती. धुळीच्या कडेला माणसांचे पाय, फेटे, वर केलेले हात. माईकवर कोणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडत होतं, "आली रं, आली, आली, भिर्रर्र..." सगळी गर्दी एकदम डावीकडे वळून बघत होती. गाडा फ्रेममध्ये येणार, येणार, आणि तुकडा संपला. बैल नव्हताच त्यात.

"एवढंच मिळालं आप्पा," रंगनाथ म्हणाले. मान वर करायचं धाडस त्यांना झालं नाही.

आप्पासाहेब पडद्याच्या डाव्या कडेकडे बघत होते.

"परत लावा साहेब."

त्यांनी परत लावला. पुन्हा धूळ उठली, पुन्हा माईक ओरडला. पुन्हा लावा म्हणाले, पुन्हा लावला. आणि दर वेळी गर्दी वळली की आप्पासाहेब बसल्या जागी हळूच आपले पाय मागे ओढून घेत होते, बैलांना वाट देण्यासाठी.