घाटावर सुई लागत नाही

माझे सासरे विठ्ठलराव यांचा सिद्धांत असा होता, की सिझेरियनच्या वेळी कमरेत देतात ती भुलीची सुई घाटाखाली लागते, घाटावर लागत नाही. हा सिद्धांत त्यांनी साखर कारखान्याच्या गेटवर, लग्नांत, दहाव्याला आणि एकदा तर एसटीच्या कंडक्टरलाही ऐकवला होता. घरात नुकतीच केबल आली होती. तिच्यावर त्यांनी बर्फाच्या डोंगरावरच्या डॉक्टरांचा एक इंग्रजी कार्यक्रम पाहिला. इंग्रजी त्यांना येत नाही, पण डोंगर दिसला, सुई दिसली आणि बाकीचं त्यांनी स्वतः जुळवलं.

"उंचावर हवा पातळ आसती. हवा पातळ तर औषध पातळ. सरळ हिशोब हाय."

हसण्यावारी न्यावं तर त्यांच्याकडे पुरावा होता. धारूरला डॉ. रुद्राणींच्या दवाखान्यात दिवाळीनंतर दोन सिझेरियन झाली आणि दोन्ही बायकांना सुरी लागलेली कळली. ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागली. भुलीचे डॉक्टर संगमेश्वर तेच औषध आणि तसलीच सुई घेऊन घाट उतरून माजलगावला जात, तिथं मात्र असं एकदाही झालं नव्हतं. डॉक्टर तोच, औषध तेच, बदलला फक्त घाट. मी भौतिकशास्त्रात बीएस्सी केलेली. इतका नीट बांधलेला प्रयोग आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी पाहिला नव्हता. हिमालयाच्या उंचीवर औषधाचं काही वेगळं होत असेलही. पण आमचा घाट चढताना कानाला दडेसुद्धा धड बसत नाहीत. सिद्धांत चुकीचा आहे याची मला खात्री होती, तो खोडायला मात्र हातात काही नव्हतं.

आणि खोडायला तर हवा होता. माझ्या पोटातलं बाळ आडवं होतं, सिझेरियन ठरलेलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे धारूरला. मामंजींनी दोनच वाटा ठेवल्या होत्या: एकतर घाट उतरून माजलगावला जायचं, नाहीतर धारूरलाच पण पूर्ण भूल घेऊन. मला आईजवळ राहायचं होतं आणि जागंही राहायचं होतं. एवढा मोठा प्रयोग माझ्यावर होणार आणि मीच घोरत पडणार, हे मला पटत नव्हतं.

"झोपेत उरकलेलं बरं असतं गं," आई म्हणाली. "मी तुझ्या वेळी जागी होते. काय बघितलं? वरचा पंखा."

"मग मला पंखा तरी बघू दे."

सोमवारी मामंजी जीप घेऊन मला खाली न्यायला येणार होते. त्याआधीच्या गुरुवारी मी दवाखान्यात गेले.

डॉ. रुद्राणी आणि डॉ. संगमेश्वर चहा घेत बसले होते. पेशंट कुणीच नव्हतं.

"तुझ्या सासऱ्यानं माझा दवाखाना बसवला," रुद्राणीबाई म्हणाल्या. "काल एक बाई दारातूनच विचारते, डॉक्टरीणबाई, तुमच्याकडं उंची किती हो? म्हटलं, पाच फूट एक इंच. ती निघून गेली."

"चुकतंय कुठं?" मी संगमेश्वरांना विचारलं.

"तेच कळत नाही." त्यांनी कप माझ्यापुढं धरला. "ह्यात साखर टाकली आणि ढवळली नाही, तर कुठं जाईल?"

"तळाला."

"हे औषध तसंच आहे. साखर घालून जड केलेलं. मणक्यातल्या पाण्यात सोडलं की उताराकडं सरकतं. पेशंट सपाट झोपला तर कमरेपासून छातीपर्यंत पसरतं. त्या दोघींचं बेंबीपाशी येऊन थांबलं."

"म्हणजे उतार पायाकडं असणार."

"टेबल सपाट आहे. मी दर वेळी बघतो."

मी म्हटलं, मलाही बघू द्या.

ऑपरेशनची खोली दिवाळीत नवी केली होती. भिंतींना पांढऱ्या टाइल्स आणि छातीच्या उंचीवर चौफेर एक निळी पट्टी. मधोमध टेबल, त्याच्या बाजूला स्टँडला टांगलेली सलाईनची अर्धी बाटली. टेबल खरोखर सपाट दिसत होतं. निळ्या पट्टीला अगदी समांतर. मी जरा वेळ तशीच उभी राहिले आणि मग मला दिसलं, की बाटलीतल्या पाण्याची रेघ मागच्या निळ्या पट्टीला तिरकी छेदत होती. दोघांपैकी एक वाकडं होतं. पाण्याला तशी सवय नसते.

फरशी धुतली की पाणी वाहून जावं म्हणून बाईंनीच सटवा मिस्त्रीला पायाकडच्या मोरीपर्यंत ढाळ द्यायला सांगितलं होतं. त्यानं तो सढळ हातानं दिला. मग पट्टी फरशीपासून मोजून बसवली, त्यामुळे पट्टीही फरशीबरोबर उतरली, आणि टेबल फरशीवरच उभं. एरवी कुणाला खटकलं असतं, पण धारूरात राहून उताराचं काय वाटणार? आमच्या दारातून निसटलेलं लिंबू खालच्या आळीतच सापडतं.

संगमेश्वरांनी बाटलीच्या पाण्याशी डोळा लावून टेबल पाहिलं. डोक्याची बाजू चांगली चार बोटं वर होती.

"मी पट्टीकडं बघून सपाट म्हणत होतो," ते म्हणाले. "एवढ्यानंच झालं, असं मात्र छातीठोक सांगता येणार नाही. केसेस दोनच आहेत."

"तिसरी मी आहे ना."

टेबल तिरकं करायचं चाक गंजून बसलं होतं, पण पायाकडून विटा लावल्या तर काम भागत होतं. अडचण मामंजींची होती. आम्ही सांगायला गेलो तर ते म्हणणार, ज्यांना फरशी धड करता येत न्हाई ते पोट काय धड फाडणार. शिवाय सगळ्या तालुक्याला ऐकवलेला सिद्धांत सुनेच्या तोंडून खोडला गेला, तर ते चिडून मला त्याच दिवशी खाली नेणार.

पण मामंजींची सगळी जमीन कालव्याच्या टेलला, म्हणजे पाणी सगळ्यात शेवटी पोचतं त्या टोकाला. ते पोचत नाही म्हणून इंजिनिअर लोकांशी भांडण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. मी एसटीडीवरून फोन केला.

"मामंजी, दवाखान्यात पाण्याचं एक कोडं आलंय. टेलला पाणी पोचत नाही. डॉक्टरांना काही उमगेना."

"कोण इंजिनिअर हाय तिथं?"

"कुणीच नाही."

"तरीच," ते म्हणाले आणि सोमवारची वाट न बघता शनिवारी सकाळीच आले.

फेटा काढायला ते तयार होईनात, म्हणून रुद्राणीबाईंनी फेट्यावरूनच हिरवी टोपी चढवली. "खोली पुन्हा सगळी धुवावी लागणार आहे," त्या म्हणाल्या, "तेव्हा काय ते एकदाच बघून घ्या."

मी टेबलावर हात ठेवला. "समजा मामंजी, हा पाट. इथं कमरेशी पाणी सोडलं. छातीकडं टेल. पाणी बेंबीच्या वर चढत नाही."

त्यांनी टेबल पाहिलं, पट्टी पाहिली. मी बाटलीचा स्टँड उगीचच जरा त्यांच्यासमोर सरकवला. ते गुडघ्यावर बसले, एक डोळा मिटला आणि टेबलाच्या कडेवरून असे बघू लागले, जसे ते बांधावरून पाट बघतात.

"कोण बे हा लेवल देणारा?" ते खालूनच म्हणाले. "आरं, सगळं पाणी पायाकडं पळतंय. टेलला जाईल कसं? आन् वर इचारतेत, कावून पोचत न्हाई." मग उठून संगमेश्वरांकडे वळले. "डॉक्टर, तुमी तर शिकलेले ना?"

"पाण्याचं आम्हाला कुणी शिकवलं नाही," संगमेश्वर नम्रपणे म्हणाले.

"मग टेबल फिरवा उलटं. डोस्कं मोरीकडं."

"ते नको," संगमेश्वरांचा आवाज बदलला. "औषध छातीच्या फार वर गेलं तर श्वास अडेल. टेल भिजावी, पण पुढचं रान बुडू नये."

हे मामंजींना पटकन पटलं. पुढचा तासभर ते आणि जीपवाला आप्पा पायाकडून विटा सरकवत होते, काढत होते, विटांवर पत्र्याचे तुकडे ठेवत होते. मधेच खात्री करायला मामंजी स्वतःच टेबलावर आडवे झाले आणि छताकडे बघत म्हणाले, "आता बरुबर वाटतंय."

"आलाच आहात तर सुई आणू का?" रुद्राणीबाईंनी विचारलं.

मामंजी ज्या चपळाईनं खाली उतरले, ती लग्नात ते घोड्यापुढं नाचत होते तेव्हाही मी पाहिली नव्हती.

"मग मला खाली न्यायचं का?" मी विचारलं.

ते फेटा नीट करत राहिले. "मी लेवल केल्यावर खाली कशाला? इथंच होऊ दे. पर सुरी कळली तर सांगायचं. लपवायचं न्हाई."

"आणि घाटावर सुई लागत नाही त्याचं?"

"लागत न्हाईच. मी हात लावला म्हनून लागंल."

माझ्याबरोबर आलेल्या आईनं पदर तोंडाला लावला.

बुधवारी सकाळी मला त्या टेबलावर बसवलं. पाठ मांजरासारखी कर, असं संगमेश्वर म्हणाले. त्या पोटानिशी मांजर होणं अवघड होतं. सुई टोचली, पायांत ऊब उतरली आणि लगेच मला आडवं करून उजव्या कुशीखाली कापडाची घडी सारली. संगमेश्वर ओला कापूस लावत वर येत होते. गार लागतं? नाही. इथं? नाही. बेंबी मागे पडली. बरगड्या आल्या, त्याही मागे पडल्या. छातीच्या वर आल्यावर मी म्हटलं, आता लागतं. त्यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला.

"चिमट्यानं धरतेय," पडद्यापलीकडून रुद्राणीबाई म्हणाल्या. "काही कळतंय?"

"आई गं," मी म्हटलं.

संगमेश्वरांचा चेहरा टाइल्ससारखा झाला. मी हसले.

"पुन्हा अशी गंमत केलीस, तर पूर्ण झोपवीन," ते म्हणाले, आणि ते गंमत करत नव्हते.

खरं तर अजिबात दुखत नव्हतं. आपल्या ट्रंकेतले कपडे कुणीतरी परक्यानं उपसावेत तसं वाटत होतं. ओढ कळत होती, दुखणं नव्हतं. बाहेर मामंजींचा आवाज चालू होता. माजलगावला निघालेलं एक कुटुंब चौकशीला आलं होतं आणि ते त्यांना सांगत होते, "हितं आता काय भ्या न्हाई. लेवल मी सोता केलीय."

मग आत एक जोराची ओढ बसली, पोट एकदम रिकामं झालं आणि कुणीतरी भयंकर रागावून रडायला लागलं. पंखा वर होता, पण त्याच्याकडे बघायला मला वेळ नव्हता. रुद्राणीबाईंनी पडद्यावरून बाळ माझ्यासमोर धरलं. काळंभोर जावळ, मुठी वळलेल्या, आणि बाकी जे बघायचं ते सगळं मी नीट बघितलं.

मुलगा की मुलगी, ही बातमी आमच्याकडे आधी व्हरांड्यात जाते. तिथून गल्लीत, मग पेढ्यांच्या दुकानात, आणि भूल घेतलेल्या बाळंतिणीला सगळ्यात शेवटी कळते. आवाज ऐकून माझ्या सासूबाई, छबुबाई, दाराशी आल्या होत्या. त्यांच्या मागे मामंजी असणार, कारण दार दोघांच्या वजनानं करकरलं.

"काय झालं वो, डॉक्टरीणबाई?"

रुद्राणीबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"थांबा म्हणावं जरा," मी म्हटलं. "माझं बघून व्हायचंय."